मुलाला धमकीचा मेसेज आला तर पहिल्या तासात काय करायचं? पेण-रोह्यातल्या पालकांसाठी

पेण / रोहा : दहावी-अकरावीतल्या मुलाला इन्स्टाग्रामवर एका अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येते. फोटो छान असतो, नावही आपल्याकडचंच वाटतं. दोन दिवस 'जेवलास का, काय करतोस' चालतं. तिसऱ्या दिवशी ती व्हॉट्सॲप नंबर मागते आणि रात्री घरचे झोपल्यावर व्हिडिओ कॉल करते. कॉलवर दिसणारी मुलगी समोर बसलेली नसतेच, आधीच तयार असलेला व्हिडिओ समोरून चालवलेला असतो. ती कपडे काढते, यालाही काढायला सांगते. दीड-दोन मिनिटांत कॉल कट. लगेच त्याच नंबरवरून त्याचाच व्हिडिओ येतो आणि सोबत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट. त्या यादीत मामेभाऊ असतो, वर्गातल्या मुली असतात, क्लासचे सर असतात. 'पाच हजार टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.'

याला सेक्सटॉर्शन म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर अश्लील व्हिडिओची भीती घालून खंडणी उकळणं. ही टोळी मुंबईच्या मुलाला फसवते आणि गावातल्या मुलाला सोडते असं काही नाही. उलट गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, म्हणून धमकी जास्त लागते. मुंबईत शेजाऱ्याला नाव माहीत नसतं. इथे हमरापूरला काही झालं की संध्याकाळपर्यंत वडखळ नाक्यावर चर्चा असते, आणि मुलाला हे पक्कं माहीत असतं.

मुलगा पैसे कुठून आणतो? मित्राकडून उसने, आईच्या गुगल पेवरून गुपचूप, क्लासची फी भरलीच नाही असं करून. अकरावी-बारावीची काही मुलं सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करून स्वतःचे पैसे साठवतात, ते आधी जातात. पैसे पाठवले की प्रकरण मिटतं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पैसे पाठवणारा माणूस सापडला, एवढंच टोळीला कळतं. पाच हजारांनंतर आठ, मग पंधरा. मग एक वेगळाच फोन येतो, 'दिल्ली क्राईम ब्रँचमधून बोलतोय, तुझ्यावर केस झाली आहे' किंवा 'यूट्यूबमधून बोलतोय, व्हिडिओ डिलीट करायची फी भर.' हे दोघेही त्याच टोळीतले असतात. खरे पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत आणि यूट्यूबचं असं कुठलंही कार्यालय मुलांना फोन करत नाही.

२०२२ साली पुण्यात दत्तवाडी भागातल्या एका कॉलेज विद्यार्थ्याने अशाच धमक्यांना घाबरून जीव दिला. त्याने सुरुवातीला काही हजार रुपये भरलेही होते, तरी धमक्या थांबल्या नव्हत्या. पुणे पोलीस माग काढत राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात, लछमणगड तालुक्यातल्या एका गावापर्यंत पोहोचले आणि तिथून आरोपीला पकडून आणलं. दोन गोष्टी यातून दिसतात. समोरची 'मुलगी' हजार किलोमीटरवर बसलेला पुरुष असू शकतो. आणि तो सापडतो, कारण फोन नंबर, बँक खातं, यूपीआय या सगळ्याचा माग राहतो. मात्र त्यासाठी कुणीतरी वेळेत सांगायला हवं.

सांगणं हीच तर अडचण आहे. पेणकरांना फसवणूक नवी नाही. २०१० साली पेण अर्बन बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांनी मोर्चे काढले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तेव्हा फसलेले हजारो होते, सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. फोनमध्ये फसलेला मुलगा एकटा असतो. त्याच्यासारखे आणखी किती आहेत हे त्याला माहीतच नसतं, आणि चूक आपलीच आहे असं तो धरून चालतो.

तो सांगायला आला, तर

पालकाच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य इथे फार महत्त्वाचं आहे. 'तुला फोन घेऊन दिला तीच चूक झाली' असं म्हटलं की पुढचं काहीच कळत नाही. 'बरं झालं सांगितलंस, आपण बघू' एवढं म्हटलं तरी मुलाचा श्वास मोकळा होतो. रागवायचंच असेल तर ते आठवड्याने करता येतं, या रात्री नाही. आणि त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नये.

मग कामाला लागायचं. पैसे पाठवायचे नाहीत, आधी पाठवले असतील तर आणखी तर अजिबात नाहीत. चॅट डिलीट करायचं नाही. बहुतेक घरांत घाबरून पहिलं काम हेच होतं आणि पुरावा जातो. धमकीचे मेसेज, समोरच्याचं प्रोफाईल, नंबर, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवायचे. त्यानंतर ब्लॉक आणि रिपोर्ट. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. सकाळ होण्याची वाट पाहायची नाही, कारण या व्यवस्थेतून पोलीस आणि बँका मिळून पैसे पुढच्या खात्यात अडवू शकतात आणि तिथून ते काढून घेतले की अडवायला काही उरत नाही. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवरही तक्रार देता येते. महिला आणि मुलांशी संबंधित गुन्ह्याची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते.

व्हिडिओ पसरेल ही भीती सगळ्यात मोठी. त्यासाठी 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते आणि भारतातूनही वापरता येते. फोटो-व्हिडिओ कुणाला पाठवावा लागत नाही. तो फोनमध्येच राहतो आणि त्याचा फक्त एक आकड्यांचा ठसा तयार होतो, जसा अंगठ्याचा ठसा असतो तसा. तो ठसा इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच व्हिडिओ त्यांच्याकडे सापडला तर तो काढता येतो. अठरा वर्षांच्या आत काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी ही सेवा आहे, मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' नावाची वेगळी आहे. व्हॉट्सॲपवरून खासगीत फिरणारा व्हिडिओ यात अडत नाही, तेवढी मर्यादा लक्षात ठेवायची.

मुलींच्या बाबतीत धमकी वेगळी

मुलांकडे पैसे मागतात. मुलींकडे बहुतेक वेळा आणखी फोटो मागतात, किंवा भेटायला बोलावतात. आणि धमकी देणारा राजस्थानात नसतो, तो बऱ्याचदा ओळखीचाच असतो. बोलणं बंद केलं म्हणून चिडलेला मुलगा, वर्गातला कुणी, मिनीडोरच्या स्टॉपवर रोज दिसणारा कुणी. मुलीने काही पाठवलेलं असण्याचीही आता गरज उरली नाही. हळदीच्या रीलमधला, नवरात्रातला, शाळेच्या गॅदरिंगमधला साधा फोटो स्टेटसवरून उचलायचा आणि एआयच्या ॲपमध्ये टाकून नग्न करायचा, हे पाच मिनिटांचं काम झालंय. फोटो खोटा आहे हे गावाला पटवून देईपर्यंत तो सगळीकडे फिरलेला असतो.

मुली घरी का सांगत नाहीत, याचं उत्तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील, स्थळं बघायला लागतील. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला. ब्लॅकमेल करणाऱ्याची खरी ताकद त्या फोटोत नसते, घरच्यांच्या या सवयीत असते. 'काही झालं तरी तुझं शिक्षण थांबवणार नाही' हे मुलीला संकट यायच्या आधी, एखाद्या साध्या दिवशी सांगून ठेवलेलं असेल तर ती ताकद अर्ध्याने कमी होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागरूकता महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमार याने स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं होतं. ती ऑनलाईन गेम खेळत असताना समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी मुलगा आहेस की मुलगी हे विचारलं आणि नंतर थेट नग्न फोटो मागितले. मुलीने गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबर तास असावा, अशी मागणी त्याने त्याच व्यासपीठावर मुख्यमंत्र्यांकडे केली. नटाच्या घरातली गोष्ट म्हणून ती टीव्हीवर गाजली, पण त्यात खरं महत्त्वाचं काय होतं तर मुलगी उठून आईकडे गेली.

गावकीत मिटवता येत नाही

अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला असं छळणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखालचा गुन्हा आहे. मुलाचा खरा किंवा बनवलेला अश्लील फोटो-व्हिडिओ वापरायची नुसती धमकी दिली तरी कलम ११ लागू होतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बनवलेला हा शब्द कायद्यातच आहे, त्यामुळे 'एआयने केलाय, खरा कुठेय' ही पळवाट चालत नाही. लहान मुलांचे असे फोटो-व्हिडिओ पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहेच. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा मजकूर जाणूनबुजून जवळ ठेवणाराही सुटत नाही. तेव्हा गावच्या ग्रुपवर 'बघा काय चाललंय' म्हणून असा व्हिडिओ फॉरवर्ड करणारे काका स्वतः आरोपी होऊ शकतात. हे वाक्य ग्रुपवर टाकण्यासारखं आहे.

आता एक नाजूक मुद्दा. आपल्याकडे असं प्रकरण कळलं की दोन्ही घरची चार माणसं बसतात. मुलगा माफी मागतो, फोटो डिलीट केल्याचं दाखवतो आणि विषय संपतो. २००७ पासून तंटामुक्त गाव समित्यांनी बांधावरची, वाटेवरची किती तरी भांडणं सोडवली, ते चांगलंच झालं. पण पोक्सोचा गुन्हा हा तंटा नव्हे, समितीला तो मिटवायचा अधिकार नाही. कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळतं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनाही ते लागू आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' हे कारण कायद्यात बसत नाही. आणि डिलीट केलेला फोटो दुसऱ्या फोनमध्ये, तिसऱ्या ग्रुपमध्ये असतोच.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला लोक घाबरतात, म्हणून कायदा काय सांगतो ते माहीत असलेलं बरं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा आहे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा, पत्ता बातमीत देता येत नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंद करता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. पेण, वडखळ, दादर सागरी, रोहा, नागोठणे, कोलाड यांपैकी कुठल्याही ठाण्यात जाता येईल. 'हे सायबरचं आहे, अलिबागला जा' असं कुणी म्हणालं तर नोंद इथेच करून घ्या आणि पुढे तुम्ही पाठवा, असं नम्रपणे पण ठामपणे सांगायचं.

गेमचे हिरे आणि बाबांचा पिन

गेम खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो, हे आधी बोलून टाकलेलं बरं. पावसाळ्यात चार महिने मैदानात चिखल असताना पोरं गेम खेळणारच. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आपल्या यादीत घातला, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्याची कसोटी कडक आहे. खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्या कामांपेक्षा गेम वर गेला आहे, नुकसान होतंय हे दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तेव्हा डॉक्टर तो आजार म्हणतात. परीक्षेनंतर आठ दिवस दिवसरात्र खेळला, तर तो आजार नाही.

पैशाचं मात्र वेगळं आहे. फुकट गेममध्ये हिरे, कपडे, बंदुका विकत घ्यायला लावतात, आणि मुलाला बाबांचा यूपीआय पिन पाठ असतो. पन्नास-शंभर करत महिन्याकाठी हजारो जातात आणि एसएमएस कुणी वाचत नाही. रमीसारखे पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंद केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ लगेच थांबवले. तरीही टेलिग्रामवर लिंक आली आणि 'दोनशे टाका, पाचशे मिळवा' असं दिसलं, तर समजायचं की ती चोरटी साईट आहे आणि पैसे परत मिळवून देणारं तिथे कुणी नाही.

याच टेलिग्रामवर सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना आणखी एक आमिष येतं, तुझं बँक खातं आणि सिमकार्ड वापरायला दे, महिन्याला कमिशन घे. त्या खात्यातून दुसऱ्याच कुणाची तरी लुटलेली रक्कम फिरते. पोलीस माग काढत येतात ते खातेदाराच्या दारात. कमिशन देणारा तेव्हा गायब असतो. धाटावच्या एमआयडीसीत नोकरी मिळावी म्हणून धडपडणाऱ्या मुलाच्या नावावर गुन्हा लागला तर पुढची चारित्र्य पडताळणी काय होईल, हे त्याला कुणीतरी वेळेत सांगायला हवं.

अफवेचा देवमासा

भीतीपायी भलत्याच ठिकाणी बघणं हाही एक धोका आहे. २०१७ च्या जुलैअखेर मुंबईत अंधेरीच्या एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि 'ब्ल्यू व्हेल' नावाच्या गेममुळे तो झाला अशी बातमी देशभर पसरली. ऑगस्टमध्ये सोलापूरहून निघालेला एक मुलगा भिगवणजवळ पोलिसांनी ताब्यात घेतला, तेव्हाही हेच नाव आलं. केंद्र सरकारने कंपन्यांना लिंक काढायचे आदेश दिले, शाळाशाळांत सूचना गेल्या, पालकांनी मुलांचे हात तपासले. पुढे सरकारने नेमलेल्या समितीला यातल्या एकाही मृत्यूत त्या गेमचा हात असल्याचं सिद्ध करता आलं नाही, असं सरकारनेच जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितलं. तोपर्यंत व्हॉट्सॲपवर तो गेम घरोघर पोहोचला होता.

मुलं दुःखी होती, कोणाशी बोलत नव्हती, ही गोष्ट मात्र त्या गडबडीत कुणी विचारलीच नाही. गेमला दोष देणं सोपं असतं. घरातलं भांडण, दहावीची भीती, शाळेत जातीवरून किंवा रंगावरून चिडवणं, प्रेमातला नकार, ही कारणं शोधायची तर स्वतःकडेही बघावं लागतं.

फोनमुळे मन बिघडतं, की मन बिघडलं म्हणून फोन?

दोन्ही घडतं. उदास मुलगा लोकांना टाळून फोनमध्ये शिरतो, आणि फोनमध्ये इतरांचे बाईक, बूट, फिरणं बघून आणखी उदास होतो. यातलं आधी कुठलं हे घरी बसून ठरवता येत नाही. पण एका गोष्टीवर डॉक्टरांमध्ये वाद नाही, ती म्हणजे झोप. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री एकला फोन ठेवून सकाळी सहाची एसटी पकडणाऱ्या मुलाला पाच तास मिळतात. महिनाभर असं झालं की चिडचिड, डोकं दुखणं, वर्गात लक्ष नसणं, विनाकारण रडू येणं सुरू होतं, आणि घरात म्हणतात, 'पोरगं उद्धट झालंय.'

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दहा ते एकोणीस वयातल्या दर सात मुलांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक त्रास असतो. सत्तर मुलांच्या वर्गात दहा. ती वेडी नसतात. आवडत्या गोष्टीतून मन उडालं, क्रिकेटला जायचा तो जात नाही, जेवण कमी झालं किंवा अचानक वाढलं, मित्र टाळतो, फोन वाजला की दचकतो, आंघोळीलाही फोन नेतो, आपल्या वस्तू वाटून टाकतो, 'मी नसलो तर बरं' असं बोलून जातो. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं दिसलं तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर दोन आठवडेही थांबायचं नाही. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का' असं सरळ विचारलं तर मुलाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तो बोलतो.

भोंगा वाजवणारं गाव, बंदी घालणारं गाव

मुलांना फोन आपण दिला, तोही शाळेसाठी. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सॲपवर आला. ३ जूनला निसर्ग वादळात रायगडातले विजेचे खांब आणि टॉवर आडवे झाले, तेव्हा रेंज शोधत मुलं टेकाडावर जाऊन बसायची. शाळा परत सुरू झाल्या, फोन मात्र परत गेला नाही. 'असर' या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात असं दिसलं. त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी प्रोफाईल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना आणि प्रोफाईल प्रायव्हेट कशी करायची हे ५५ टक्क्यांनाच माहीत होतं. गाडी सगळ्यांना चालवता येते, ब्रेक जवळपास निम्म्यांना माहीत नाही.

यावर महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दोन वेगळे रस्ते धरले. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला, मोडणाऱ्याला दंड. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास घरातले टीव्ही, मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा.

बंदीत एक खोट आहे. ज्याला फोन वापरायचीच परवानगी नाही, तो फसला तर सांगणार कसा? त्याला आधी 'मी फोन वापरत होतो' हे कबूल करावं लागतं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली, पण तिथे जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, मुलांना किंवा पालकांना दंड नाही. वडगावचा भोंगा जास्त शहाणपणाचा वाटतो, आणि तो चालतो याचं कारण त्यात मोठ्यांचा टीव्हीही बंद होतो. बाप ओटीवर रील बघत असताना मुलाला 'फोन ठेव' म्हणणं जगात कुठेच चाललेलं नाही.

पेण-रोह्यात भोंगा वाजेल तेव्हा वाजेल, घरात काही गोष्टी आजही होतात. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन, आईबाबांचे धरून, स्वयंपाकघरात चार्जिंगला. यूपीआयचा पिन बदलायचा. इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालच्यांसाठी 'टीन अकाउंट' आणलं आहे, भारतातही ते २०२५ पासून आलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत होतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. पण फोन घेताना दुकानदाराने किंवा चुलतभावाने जन्मसाल १९९९ टाकलेलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. मुलाच्या शेजारी बसून ती तारीख एकदा बघायची. हिसकावून घेऊन नाही, शेजारी बसून.

डोंगरातल्या आदिवासी वाड्यांवर प्रश्न आणखी वेगळा आहे. आईबाप वीटभट्टीवर गेलेले, मुलगी आजीजवळ, आणि घरात एकच फोन जो फक्त मुलांनाच कळतो. तिथे आश्रमशाळेचे अधीक्षक, अंगणवाडी ताई, आशा ताई यांनाच आधी हे शिकवावं लागेल, पालकांची सभा घेऊन तिथे भागणार नाही.

मदत कुठे मिळते

मनाचा त्रास असेल तर १४४१६. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत, साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते. मुलानेच फोन करायला हवा असं नाही. आई, शिक्षक, मित्र कुणीही करून 'असं असं दिसतंय, काय करू' विचारू शकतो. मुलांवर अन्याय होत असेल तर १०९८, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२, पैसे गेले असतील तर १९३०.

मुलाने स्वतःला इजा केली असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळायचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं. त्याला शिक्षा करायची नसते, उपचार आणि आधार द्यायचा असतो. भगताकडे नेऊन अंगारा लावला तर घरच्यांच्या मनाला बरं वाटत असेल, पण त्यात दोन-तीन महिने जातात आणि तेच महिने महत्त्वाचे असतात.

पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, सुरुवात तिथल्या डॉक्टरांपासून करता येते. पुढच्या तपासणीसाठी अलिबागचं जिल्हा रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथून चालतो. जाताना आधार कार्ड आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्यायच्या. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे चल' म्हटलं तर कुठलाच मुलगा उठणार नाही. 'तुला झोप लागत नाही ना, ते दाखवून येऊ' म्हटलं तर येतो, आणि ते खोटंही नसतं.